इलेक्ट्रिकच्या जमान्यात भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला जागा आहे का?

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, शॉप बंद आहे म्हणून निवांत बसलोय.

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात माझं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक सेंटरलेस ग्राइंडर (गोल दांडे घासून अचूक मापाला आणणारं मशीन), आणि वडिलांचा एक जुना लेथ जो आता महिन्यातून दोनदा चालतो पण विकवत नाही. माझ्यासकट नऊ माणसं. काम म्हणजे रॉकर शाफ्ट, व्हॉल्व्ह गाईड, गिअरबॉक्समधल्या पिना. सगळं दुचाकीच्या इंजिनात जाणारं. मी ज्याला माल देतो तो पुढे दुसऱ्याला देतो, तो कंपनीला. म्हणजे मी साखळीतली तिसरी कडी.

गेल्या काही महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. रॉकर शाफ्टचं शेड्यूल हळूहळू कमी झालं, कुणी काही बोललं नाही, फक्त दर महिन्याचा आकडा उतरत गेला. आणि दुसरं म्हणजे कस्टमरकडून चार पानी फॉर्म आला. महिन्याला किती युनिट वीज जळते, त्यातली सोलर किती, वापरलेलं कूलंट (मशिनिंग करताना थंड ठेवणारं तेल-पाणी) कुठे देता, स्टील कुठल्या मिलचं. वीस वर्षांत मला माल, भाव आणि तारीख या तीन गोष्टींपलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. अर्धा फॉर्म भरला, अर्धा तसाच पडलाय.

मुलगी मेकॅनिकल करून आता माझ्याबरोबर शॉपवर येते. तिचं म्हणणं, बाबा इंजिनचं काम संपत जाणार, आपण इलेक्ट्रिक मोटरच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगकडे (बाहेरच्या कवचाकडे) वळू, व्हीएमसी म्हणजे उभं सीएनसी मिलिंग मशीन घेऊ. मशीन, टूलिंग, गेज सगळं धरून ३५ लाखांच्या घरात जातंय. मी ५२ वर्षांचा आहे.

शहरात सगळीकडे हरित हे आणि हरित ते चाललंय. ते चांगलंच आहे, मी विरोधात नाही, पवनेचं पाणी मीही पितो. पण त्या सगळ्यात आमच्यासारख्या गाळेवाल्यांचा विचार कुणी केलाय का हे मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि कर्ज काढू का नको, हेही सांगा.

निगडीची_सई

काका, कर्जाचं मला कळत नाही पण शहराबद्दल सांगते. पिंपरी-चिंचवड पालिकेने जून २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतलं, मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंद झाली. तो पैसा हरित सेतू आणि टेल्को रोड या कामांसाठी आहे. म्हणजे पायी चालणारे, सायकलवाले, सावली, फुटपाथ. आमच्या प्राधिकरणात त्याची खरंच गरज आहे, माझी आई दोन वर्षांपूर्वी फुटपाथ नव्हता म्हणून रिक्षाखाली येता येता वाचली. त्यामुळे मी या कामाच्या बाजूने आहे. पण तुमचा प्रश्न वाचून लक्षात आलं की यात कारखान्यांचं काहीच नाहीये.

जुना_टूलरूम

लेथवाले, तुमचं वाचून ८० च्या दशकातले दिवस आठवले. मी आकुर्डीला टूलरूममध्ये होतो, आता रिटायर. एक सांगतो, हे पहिल्यांदा घडत नाहीये.

स्कूटरचा जमाना होता तेव्हा चिंचवड-भोसरीतले किमान पन्नास गाळे मला माहीत होते जे फक्त स्कूटरचे पार्ट करायचे. मग मोटरसायकल आली, टू-स्ट्रोक गेलं. २००७ ला आकुर्डीतलं बजाजच्या गाड्यांचं उत्पादन बंद झालं आणि २००९ संपता संपता कंपनीने स्कूटर बनवणंच सोडून देत असल्याचं सांगितलं. त्या पन्नासातले निम्मे चाकणच्या मोटरसायकलकडे वळले आणि टिकले. उरलेल्यांनी गाळे भाड्याने दिले. नंतर १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा (गाड्यांच्या धुराचा कडक नियम) आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरची पितळी जेट करणारा माझा एक मित्र होता, अतिशय सुंदर काम, ०.०१ मिलिमीटरच्या अचूकतेने भोक मारायचा. लॉकडाऊन आणि बीएस-सहा एकाच वेळी आलं आणि सहा महिन्यांत त्याने मशीन विकली.

ज्या आकुर्डीत स्कूटर बंद झाली तिथेच जून २०२२ ला इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना उभा राहिला, वर्षाला ५ लाख गाड्यांची क्षमता. जागा तीच, नाव तेच. पण जुन्या चेतकला जे गाळे पार्ट द्यायचे त्यातला एकही नव्या चेतकला देत नाही, निदान माझ्या ओळखीतला तरी नाही.

चाकण_सप्लाय

@लेथवाला एवढं घाबरू नका दादा. मी पर्चेसमध्ये आहे, रोज आकडे बघतो. देशात आज १०० नव्या दुचाकी विकल्या जातात त्यातल्या सहा-सात इलेक्ट्रिक. बाकी सगळ्यांना रॉकर शाफ्ट लागतोच. शिवाय २०२४ च्या जुलैत सीएनजीवरची मोटरसायकल आली, तिलाही इंजिनच आहे. जून २०२३ ला केंद्राने सबसिडी कमी केली, बॅटरीच्या किलोवॉट तासाला १५ हजारांवरून १० हजार आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांऐवजी १५ टक्के मर्यादा, तर त्या महिन्यात ई-स्कूटरची विक्री धाडकन पडली. २०२५ मध्ये एप्रिलपासून चीनने मोटरला लागणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तर जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याच आकुर्डीत ई-स्कूटरचं उत्पादन घटलं. ज्या धंद्याची चावी दिल्लीच्या सबसिडीत आणि चीनच्या परवान्यात आहे त्यासाठी ३५ लाखांचं कर्ज काढायचं का, विचार करा. माझं मत, आणखी चार-पाच वर्षं थांबा.

रोहिणी_डिझाइन

चाकण_सप्लाय, आकडे बरोबर आहेत पण निष्कर्ष पटला नाही. मी मोटर डिझाइनमध्ये काम करते. राज्याच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात २०२५ पर्यंत नव्या गाड्यांत १० टक्के इलेक्ट्रिक असं उद्दिष्ट होतं, २०२५ च्या नव्या धोरणात २०३० पर्यंत ३० टक्के. उद्दिष्ट गाठलं जाईल की नाही सोडा. कंपन्या नवीन इंजिनावर खर्च करणं कमी करतात, सगळा मुद्दा तिथे आहे. नवीन इंजिन नाही म्हणजे नवीन पार्टचं डेव्हलपमेंट नाही, मग फक्त जुन्या पार्टवर दरवर्षी भाव कमी करा म्हणून मागे लागतात. काकांचं शेड्यूल एकदम बंद होणार नाही, झिजत जाईल. आणि झिजणाऱ्या धंद्याला बँक कर्ज देत नाही. आज देते तर आज घ्यावं.

आणि अजून एक. मोटरमध्ये लोकांना वाटतं मशिनिंग फार नाही. रोटर शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, आहे ना! बेअरिंग बसतं तिथला रनआऊट (फिरताना होणारी डगमग), टोकाची स्प्लाइन (दाते), हार्ड करून ग्राइंडिंग. काकांचा सेंटरलेस ग्राइंडर तिथे कामाला येईल. हाउसिंगसाठी नवीन मशीन लागेल, शाफ्टसाठी निम्मं तुमच्याकडे आधीच आहे.

चाकण_सप्लाय

रोटर शाफ्टचा मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात आला नव्हता.

कुदळवाडी_शेजारी

वर हरित रोखे, फुटपाथ वगैरे चाललंय म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२५ ला कुदळवाडी-चिखलीत पालिकेने चार हजारांवर बांधकामं पाडली. आठवडाभर नुसते पोकलेन. अनधिकृत होती, आगी लागत होत्या, धूर व्हायचा, इंद्रायणीत घाण जायची, ही कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण तिथे नुसतं भंगार नव्हतं हो. लेथवाले होते, पावडर कोटिंगवाले होते, पॅकिंगच्या लाकडी पेट्या करणारे होते. माझ्या गाळ्यासमोर एकाने पोकलेन यायच्या आदल्या रात्री क्रेन मिळेना म्हणून मिलिंग मशीन पाइपांवर ढकलत ढकलत रस्त्यावर आणलं. सकाळपर्यंत दहा-बारा जण लागले होते. मग ते मशीन तीन दिवस रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली. तो माणूस तिथेच बाजूला झोपायचा.

चिखलीकर_आई

माफ करा पण दुसरी बाजू मी मांडणार. आम्ही तिथून दीड किलोमीटरवर राहतो. रात्री अकरानंतर वायर जाळायचे, तांबं काढायला. तो वास खिडक्या बंद केल्या तरी यायचा. माझ्या मुलाला चार वर्षांचा असल्यापासून नेब्युलायझर. भंगाराला आग लागली की दोन दोन दिवस धुमसायची. दहा वर्षं तक्रारी केल्या आम्ही. रोजगार म्हणून किती सहन करायचं कुणी? कारवाई झाल्यापासून आमच्याकडे रात्री खिडकी उघडी असते.

कुदळवाडी_शेजारी

ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं आणि तुमचा राग रास्त आहे. वायर जाळणाऱ्याला आम्हीही शिव्या घालायचो. माझं म्हणणं एवढंच की जाळणारे पाच-पन्नास होते, गेले सगळेच. आधी पर्यायी जागा देऊन मग पाडलं असतं तर?

भंगार_ते_पोलाद

या दोघांच्या मधे मला बोलायचंय कारण मी याच व्यवसायातला आहे. टर्निंगचा चुरा, शीटमेटलची कात्रणं गोळा करून भट्ट्यांना पाठवतो. माझा बराच माल जालन्याला जातो, तिथे स्टीलच्या इंडक्शन भट्ट्या भंगारावर चालतात. आता हे लक्षात घ्या. खनिजापासून झोतभट्टीत एक टन पोलाद करायला ढोबळ दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून केलं तर त्याचा लहानसा हिस्सा. म्हणजे शहरातलं सगळ्यात हरित काम कुणी करत असेल तर ते कुदळवाडीतला हातगाडीवाला करत होता. आणि सगळ्यात घाणेरड्या पद्धतीनेही तोच करत होता, हे ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं.

वायर जाळायची गरज का पडते? कारण सोलणाऱ्या मशीनला पक्की जागा, वीज कनेक्शन आणि परवाना लागतो, आणि अनधिकृत शेडला यातलं काहीच मिळत नाही. मोशीला कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प झाला, ऑगस्ट २०२३ पासून चालू, रोज ७०० टन कचरा, १४ मेगावॉट. त्याला जमीन दिली, करार केला, रांगेत उभं राहावं लागलं नाही. तो प्रकल्प वाईट आहे असं मी म्हणत नाही. तसाच एक २५-३० एकराचा भंगार पार्क, पक्क्या जमिनीचा, पाण्याची लाइन, आग विझवायची सोय असलेला, शहराने केला असता तर ताईंची खिडकीही उघडी राहिली असती आणि त्या मिलिंगवाल्याला रस्त्यावर झोपावं लागलं नसतं.

इंद्रायणीकाठ

+१. आळंदीत इंद्रायणीवर फेस येतो तेव्हा चार दिवस फोटो फिरतात, वारीच्या आधी तर हमखास. मग छोट्या प्लेटिंगवाल्यांवर (धातूवर मुलामा चढवणाऱ्यांवर) धाड. बरं त्याने एकट्याने सांडपाणी प्रकल्प कसा बांधायचा, गाळाच पाचशे स्क्वेअर फुटाचा. सामायिक व्यवस्था हवी, टँकरने न्या आणि पैसे घ्या. आणि शहराचं आपल्या घरांचं मैलापाणीही नदीत जातं हे कुणी बोलत नाही.

निर्यात_कागदपत्रं

लेथवाले, त्या चार पानी फॉर्मबद्दल. मी निर्यातदारांची कागदपत्रं करतो, गेली दोन वर्षं हेच चाललंय, म्हणून जरा सविस्तर.

युरोपने कार्बन सीमा कर आणलाय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशाचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांना लागू. नट-बोल्ट, स्क्रू आणि बऱ्याच पोलादी वस्तू त्यात येतात. इंजिनाचे तयार पार्ट बहुतेक वेगळ्या हेडिंगखाली जातात, त्यांना आज तो कर थेट लागत नाही. मग तुम्हाला फॉर्म का आला? कारण वरच्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीचा कार्बन मोजून जाहीर करायचाय, आणि तो बराचसा तुमच्यासारख्यांकडे तयार होतो. त्यामुळे ते प्रश्न खाली ढकलत ढकलत तिसऱ्या कडीपर्यंत येतात.

आता एक गोष्ट जी खूप जणांना माहीत नाही. फॉर्म आला की सोलर विकणारे मागे लागतात, पॅनल बसवा नाहीतर युरोपची ऑर्डर जाईल. पोलादाच्या मालावर तो कर मोजताना विजेचं उत्सर्जन सध्या धरत नाहीत, थेट उत्सर्जन आणि कच्च्या मालात आलेलं उत्सर्जन धरतात. म्हणजे छपरावरच्या पॅनलपेक्षा तुमचा स्टीलचा बार कुठल्या भट्टीतून आला हे जास्त महत्त्वाचं. सोलर बसवा, वीजबिल वाचतं म्हणून बसवा, पण त्या भीतीने नको. आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट प्रत्येक लॉटचं जपून ठेवा, हीट नंबरसकट (पोलादाच्या त्या ओतीचा नंबर). आजवर आपण ते फाइलला लावायचो आणि विसरायचो, यापुढे तोच कागद पैसे मिळवून देणार.

लेथवाला_भोसरी

सगळ्यांचे आभार, इतकी मंडळी लिहितील वाटलं नव्हतं. निर्यातवाले, तुम्ही हे सांगितलंत ते फार बरं झालं, मला तीन सोलरवाल्यांचे फोन येऊन गेलेत. आणि खरी अडचण तर वेगळीच आहे. गाळा माझा नाही. वर सिमेंटचे पत्रे, पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या लावतो. मालकाला पॅनलबद्दल विचारलं तर म्हणाला पत्र्याला हात लावायचा नाही, करार अकरा महिन्यांचा आहे. पॅनल पंचवीस वर्षांचं आणि करार अकरा महिन्यांचा.

भंगारवाले, माझा चुरा कुदळवाडीचाच एक जण न्यायचा. फेब्रुवारी २०२५ नंतर दोन महिने कुणी आलं नाही, गाळ्यामागे ढीग साचला होता. आता दुसरा येतो, भाव किलोमागे दोन रुपये कमी देतो, म्हणतो लांबून यावं लागतं.

उत्तरेचा_चिंचवडकर

मूळचा चिंचवड स्टेशनचा, सध्या स्वीडनच्या उत्तरेला शेलेफ्तिओ नावाच्या गावात आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमची ही नगरपालिका साधारण ७५ हजार वस्तीची, म्हणजे आपल्या शहराच्या मानाने अगदीच छोटी. नदीवर जलविद्युत, वीज स्वस्त आणि स्वच्छ, त्या जोरावर इथे बॅटरीचा अवाढव्य कारखाना आला, नॉर्थव्होल्ट. पहिला सेल २०२१ च्या डिसेंबरात निघाला. गावाने जीव ओतला होता. घरं, बालवाड्या, बस, एअरपोर्ट, सगळं वाढवलं. लाकडाची वीस मजली इमारत बांधली, खाली ग्रंथालय, वर हॉटेल. जगभरातून माणसं आली, त्यात मी एक. कँटीनमध्ये मराठी ऐकू यायचं.

मग जून २०२४ ला बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोची ऑर्डर रद्द केली. सेल ठरल्याप्रमाणे बनत नव्हते, रिजेक्शन जास्त. सप्टेंबरात १६०० जण कमी करणार असं जाहीर झालं. १२ मार्च २०२५ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा इथे वर्क परमिटवर असलेल्याला नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधावी लागायची. माझ्या बिल्डिंगमधली सात कुटुंबं त्या वसंतात परत गेली. एकाच्या मुलीला शाळेत स्वीडिश यायला लागलं होतं, ती रडत होती, तिला पुण्याची शाळा आठवतच नव्हती. मला सुदैवाने दुसरीकडे मिळाली.

कुठे मिळाली ते सांगतो कारण ते भंगारवाल्यांच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे. याच नगरपालिकेत समुद्राकाठी रॉनशेर नावाचा जुना धातू कारखाना आहे, १९३० पासूनचा. तिथे खनिजाबरोबर जगभरातले फेकून दिलेले मोबाइल-कॉम्प्युटरचे बोर्ड वितळवून तांबं आणि सोनं काढतात. धुराड्याचा वायू धुऊन घेतात. म्हणजे कुदळवाडीत वायर जाळून व्हायचं तेच काम, फक्त व्यवस्थित. मी त्याच्या एका सप्लायरकडे मेंटेनन्सला आहे. नव्या कारखान्याची भाषणं व्हायची तेव्हा या जुन्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आज गावाला धरून ठेवलंय ते अशाच जुन्या कामांनी, खाणी, धातू, लाकूड.

लेथवाले दादा, मी तुम्हाला नको घेऊ म्हणत नाहीये. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच पार्टवर सगळं लावू नका एवढंच.

जुना_टूलरूम

चिंचवडकर, फार मनापासून लिहिलंत. काळजी घ्या.

जकातनाका

मला वाटतं इथे मुळाशी कुणी जात नाहीये. पालिका उद्योगांकडे कशी बघते ते तिचा पैसा कुठून येतो त्यावर ठरतं. मी ३० वर्षं पालिकेच्या हिशोबाची कामं जवळून बघितली. एमआयडीसी १९६२ ची, नवनगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. म्हणजे आधी कारखाने आले आणि त्यांच्याभोवती शहर झालं. जकात होती तेव्हा कारखान्याच्या दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे पालिकेला पैसे मिळायचे. श्रीमंत महापालिका म्हणून मिरवायचो ते त्याच जिवावर. कारखाना चालला पाहिजे ही पालिकेची स्वतःची गरज होती. एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, २०१७ ला जीएसटी. आता सरकारकडून ठरलेली भरपाई येते, कारखाना चालो ना चालो. पालिकेचं स्वतःचं उत्पन्न मिळकत कर आणि बांधकाम परवानगीतून. मग साहजिकच टॉवर उभा राहिला की तिजोरी भरते, गाळा चालला की काही नाही.

त्यात हरित शहर म्हटलं की डोळ्यासमोर येतं उद्यान, नदीकाठ, सायकल ट्रॅक, ई-बस. निगडीतून फेब्रुवारी २०१९ ला ई-बस सुरू झाल्या, मी पहिल्याच आठवड्यात बसलो, अभिमान वाटला. पण हे सगळं शहरात राहणाऱ्यांसाठी आहे. शहरात काम करणाऱ्यांसाठी हरित म्हणजे काय, तर चुरा न्यायला जागा, सांडपाण्याला सामायिक केंद्र, पॅनल लावता येईल असं छप्पर, आणि पाच-दहा वर्षांचा करार. यातलं निम्मं एमआयडीसीकडे, निम्मं पालिकेकडे, प्रदूषणाचं मंडळ तिसरं, वीज चौथ्याकडे.

निगडीची_सई

काका हे मला खरंच माहीत नव्हतं. मग हरित रोख्यांचा पुढचा टप्पा काढला तर त्यात गाळेवाल्यांसाठी सामायिक शेड घेता येईल का? पक्कं छप्पर, वर सोलर, खाली गाळे, दीर्घ मुदतीच्या भाड्याने. भाडं येत राहील म्हणजे व्याज फेडायचीही सोय.

जकातनाका

रस्त्यापेक्षा शेडमधून परतफेड सोपी हे तुमचं बरोबर. मागणी करायला हरकत नाही, लघुउद्योजकांनी एकत्र येऊन लेखी दिलं पाहिजे. मी मसुदा करून देतो, कुणी सह्या गोळा करणार असेल तर.

कुदळवाडी_शेजारी

सह्यांचं मी बघतो. तळवडे, चिखली, मोशी तिन्हीकडे ओळखी आहेत.

चिखलीकर_आई

माझीही सही घ्या. भंगार पार्क वस्तीपासून लांब आणि रात्री जाळणाऱ्यावर कडक कारवाई, या दोन अटी मसुद्यात असतील तर आमच्या सोसायटीच्या ६० सह्या देते.

भंगार_ते_पोलाद

ताई, त्या अटी मी स्वतः लिहून देतो.

मोशीचा_निनाद

थोडं अवांतर, ४५ दिवसांत पेमेंट मिळतंय का कुणाला? एप्रिल २०२४ पासून छोट्या उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी आयकरात खर्च धरत नाहीत असा नियम लागू झालाय, तरी मला ९० दिवसच. नवीन मशीन घेणार असाल तर हप्ता महिन्याला आणि पेमेंट तिमाहीला, हे गणित आधी करा.

रोहिणी_डिझाइन

निनाद यांचा मुद्दा अवांतर अजिबात नाही. काका, हप्त्याचं गणित करताना सहा महिने सँपल आणि अ‍ॅप्रूव्हलमध्ये जातील असं धरून चला, त्या काळात एक रुपया येणार नाही. मशीन घेण्याआधी दुसऱ्याच्या मशीनवर तास भाड्याने घेऊन सँपल करून बघा की. रोटर शाफ्टचं ड्रॉइंग कसं वाचायचं त्यात मी मदत करेन, तुमच्या मुलीला माझ्याशी बोलायला सांगा.

लेथवाला_भोसरी

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

रोहिणीताईंचं ऐकलं. दोन गल्ल्या पलीकडे मित्राचा व्हीएमसी आणि मोठ्या चकचा (जॉब धरणाऱ्या पकडीचा) टर्निंग सेंटर आहे, दर गुरुवारी तो बंदच असतो, तासाच्या भावाने घेतला. एक हाउसिंगचं सँपल आणि एक रोटर शाफ्टचं, दोन्ही करून बघितली. शाफ्ट घरच्या मशीनवरच झाला, पहिल्याच दिवशी रनआऊट ड्रॉइंगच्या आत. सेंटरलेसवर माझा जुना सेटर (मशीन लावून देणारा) आहे, त्याने हात लावला की काटा हलतच नाही.

हाउसिंगने मात्र रडवलं. भिंत साडेतीन मिलिमीटरची. चकमध्ये धरून बोअर (आतलं गोल भोक) मारला, मशीनवर मापलं तर एकदम बरोबर. चक सोडला, पुन्हा बोअर गेज लावलं तर ३० मायक्रॉनची ओव्हॅलिटी, म्हणजे गोल भोक तेवढं लंबगोल. चकच्या तीन जॉच्या (जबड्यांच्या) दाबाने अ‍ॅल्युमिनियम दबतं आणि सोडलं की उमलतं. लोखंडाच्या पिना करताना हे कधी जाणवलंच नव्हतं. ड्रॉइंगला २० च्या आत हवी. मी म्हटलं सोडून देऊ. मुलीने दोन गुरुवार घालवले. सॉफ्ट जॉ (हव्या त्या आकाराला कापता येणारे मऊ जबडे) रुंद करून घेतले, तिन्ही मिळून जॉब जवळजवळ पूर्ण वेढला जाईल असे, ते जागेवरच बोअर केले, हायड्रॉलिकचा दाब निम्म्यावर आणला आणि शेवटचा कट अगदी हलका. परवा चक सोडून गेज लावलं तर १२. तिने तीनदा मापलं, मग मला मापायला लावलं, मग सेटरला.

तर सध्या ठरलंय ते असं. आत्ता व्हीएमसी नाही. आधी रोटर शाफ्ट, त्याला फक्त गेज आणि एक फिक्स्चर, चार लाखांत भागतंय, कर्ज नको. रॉकर शाफ्ट चालू राहील तोवर चालू. हाउसिंगचं सँपल बुधवारी पाठवलंय, अ‍ॅप्रूव्हल आलं तर मशीनचा विचार, तोही गाळ्याचा करार पाच वर्षांचा झाला तर. मालकाशी बोलणं चालू आहे, पत्रे बदलायचा निम्मा खर्च मी देतो म्हटलंय.

आणि तो फॉर्म पूर्ण भरून पाठवला. कूलंटचा रकाना भरताना लाज वाटली, म्हणून आता बॅरल अधिकृत गाडीला देतो, पावती घेतो. अ‍ॅल्युमिनियमचा चुराही वेगळ्या पिंपात. भंगारवाले, त्याचा भाव तुम्ही काय द्याल ते सांगा.

भंगार_ते_पोलाद

कूलंट निथळून, लोखंडाचा एकही तुकडा न मिसळता दिलात तर आत्ताच्या माणसापेक्षा नक्की जास्त देतो. शनिवारी गाडी भोसरीत आहे, पिंप भरलं असेल तर येतो.

जुना_टूलरूम

शनिवारी मीही येतो. ते सॉफ्ट जॉ बघायचेत मला.